दर्या पाठीला

तुर्भ्याच्या एमआयडीसीत वरच्या मजल्यावरचा गाळा.
खाली पत्र्याला भोकं पाडणारं प्रेस मशीन
संध्याकाळी सहाला गप्प होतं, तेव्हा माझा दिवस उजाडतो.
सात भोवती, एक जमिनीलगत घुमणारा, चार छताला.
बारा स्पीकर. त्यातल्या नऊंचे हप्ते चालू आहेत.

आधी टेपनं मोजलं खुर्चीपासून प्रत्येकाचं अंतर.
जो जवळ, त्याला दोन-तीन मिलिसेकंद थांबवलं,
पंगतीत टोकाच्या पानावर वाढून होईपर्यंत
अलीकडच्यानं हात आवरावा तसं.
मग एकेकातून गुलाबी गोंगाट सोडला
(नावच तसं आहे. ऐकायला मात्र
गच्चीवरची टाकी वाहून चालल्यासारखा)
आणि मीटरचा काटा एकोणऐंशीवर आणला.
मागचा उजवा बोलेना.
अर्धा तास केबल चाचपल्या. केबल ठणठणीत.
मीच त्याला सॉफ्टवेअरमध्ये
कुठल्याच दाराशी जोडलं नव्हतं.

आवाज पोशीबाय तांडेल यांचा, करावे गावच्या.
आगऱ्यांच्या लग्नात धवला म्हणणाऱ्या.
अंधाऱ्या खोलीत बसून फक्त ऐकायचं
असं एक प्रदर्शन भरणार होतं, त्याच्यासाठी.

मी त्यांना समोर मधोमध ठेवलं, शहाण्यासारखं.
साथीच्या तिघी डाव्या-उजव्या हातांना वाटून दिल्या.
लाटा पुढे, कारण लाटा गिऱ्हाइकाला आवडतात.
आणि छतात त्यांच्याच सुराचा धूर,
गाभाऱ्यात कोंडावा तसा.
स्वतःवर खूश होऊन मी त्या रात्री दोन वडापाव खाल्ले.

शुक्रवारी त्या आल्या, भाच्याच्या रिक्षातून.
चपला दाराशी काढून खुर्चीत बसल्या.
पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या,
"यात मी कंय हाय?"
समोर, म्हटलं.
"मी माज्याच समोर कशी असन?
माजा आवाज माज्या आत. समोर नवरी हाय.
हलदीची. मान खाली."

गप्प बसलेल्या माणसाला
कुठल्या चॅनलवर ठेवायचं असतं,
हे मला कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

त्या बोट दाखवत गेल्या, मी माउसनं ठिपके ओढत गेलो.
सुंद्रा या कानाशी, अगदी पदर लागेल इतकी.
बामी मागं. ती नेमी उशिरा उचलते, तिला पुढं नको आनू.
तिची ती उशिरा उचललेली ओळ
मी कालच कापून जागेवर बसवली होती.
गुपचूप परत सैल केली.

"आन् दर्या?"
पुढे आहे ना.
"दर्या पाठीला र. आमचं घर उगवतीला तोंडाचं.
पाठीमागं आंगन, मंग मिठागर, मंग दर्या.
भरती आली का पाठीला गार लागं."

तिथून आता सहा पदरी पाम बीच रोड जातो.
मी रोज त्यावरनंच येतो, ऐंशीच्या वेगानं.
लाटा उचलून मागच्या दोघांत ठेवल्या,
मग त्यांचे वरचे सूर छाटले,
लांबच्या पाण्याला धार नसते म्हणून.
आणखी थोड्या छाटल्या. आणखी.
पोशीबायनी वळून पाहिलं नाही.
फक्त पाठ, इतका वेळ खुर्चीला टेकलेली,
सरळ झाली.

"वर काय लावलंस?"
तुमचाच आवाज, जरा पसरवून.
"कारून टाक. वर आभाल व्हता.
आभाल कंदी धवला म्हनतं काय?"

चारही फेडर तळाला ओढले.

सोमवारी प्रदर्शनवाल्यांचा फोन:
छतातून काहीच येत नाही, एकदा तपासता का?
तपासलंय, म्हटलं. तसंच आहे ते.
पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही.
खाली प्रेस मशीन पत्र्याला भोकं पाडत होतं.

पाच तारखेला हप्ता कापला गेला,
घुमणाऱ्याचा, भोवतीच्या चौघांचा,
आणि आभाळाचा.